आयत्या वेळचा विषय



२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडली गेली आणि पहाटेपर्यंत विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगात होते. दोनच दिवसांनी, २७ जूनला, पश्चिम बर्लिनमध्ये पंचविसावा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्याच्या स्पर्धेत एक मराठी चित्रपट होता. साखर कारखान्याच्या एका सर्वेसर्वा पुढाऱ्याच्या गावातून एक माणूस नाहीसा झाला आहे आणि कुठून तरी आलेला एक दारुडा म्हातारा त्याच्याबद्दल विचारत सुटला आहे, एवढीच त्याची गोष्ट. तो चित्रपट म्हणजे ‘सामना’. देशात माणसं रातोरात उचलली जात होती आणि बर्लिनमध्ये पडद्यावर आपल्याच भाषेत प्रश्न चालला होता की मारुती कांबळेचं काय झालं. सुवर्ण अस्वल त्या वर्षी हंगेरीच्या मार्टा मेसारोश यांनी नेलं. ‘सामना’ला काही मिळालं नाही. पण हा योगायोग मला कुठल्याही पारितोषिकापेक्षा बोलका वाटतो.

या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला दिलेला विषय वेगळाच होता. सोव्हिएत काळाच्या अखेरचे गुन्हेगारीपट, त्यातली मारामारी, त्यातले पोलीस आणि चोर यांवर बोला, असं त्यांचं म्हणणं. विषय मी सोडणार नाही. फक्त तो इथे, बारामती-इंदापूरच्या नीरा डाव्या कालव्याच्या काठावर आणून बोलणार आहे, कारण मॉस्कोच्या पडद्यावर जे १९८८ साली दिसलं, त्याच्या जवळचं काही तरी आपल्या ऊसपट्ट्यात तेरा-चौदा वर्षं आधी दिसून गेलं होतं, असं माझं मत आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींविषयी अध्यक्षांनी सविस्तर सांगितलंच आहे. मी एवढीच भर घालतो की ते कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारणारे सभासद होते. आजचा विषय त्यांना मानवला असता.

आधी रशियाकडे जाऊ.

सोव्हिएत संघात सर्वांत जास्त तिकिटं खपलेला देशी चित्रपट कोणता, असं विचारलं तर बरेच जण दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या एखाद्या चित्रपटाचं नाव घेतील. ते चूक आहे. तो मान ‘विसाव्या शतकातले चाचे’ या मारधाडपटाचा आहे. बोरिस दुरोव यांनी तो १९७९ मध्ये केला, पुढच्या वर्षी तो लागला आणि सुमारे पावणेनऊ कोटी प्रेक्षकांनी तो पाहिला. औषधांसाठी अफू घेऊन निघालेलं सोव्हिएत मालवाहू जहाज, त्याच्यावर चाच्यांचा हल्ला, मग खलाशांनी हातापायांनी दिलेला जबाब. कराटे पाहायला पोरं पुन्हा पुन्हा जात होती. या चित्रपटात गुन्हेगार कोण? परके. कुठे? दूर समुद्रात. आपल्या गावात, आपल्या कचेरीत गुन्हा नाही. पडद्यावर जेवढ्या लाथा बसतात त्या सगळ्या परमुलखातल्या माणसांना बसतात. मनोरंजन म्हणून तो आजही बघवतो, पण त्याच्या भाबडेपणाला सरकारी मान्यता होती हे विसरून चालणार नाही.

त्याच सुमारास, १९७९ च्या अखेरीस, दूरचित्रवाणीवर पाच भागांची एक मालिका आली. दिग्दर्शक स्तानिस्लाव गोवोरुखिन, मूळ कादंबरी वायनर बंधूंची. १९४५ चं, महायुद्ध नुकतंच संपलेलं मॉस्को, ‘काळं मांजर’ नावाची टोळी आणि तिच्या मागावर असलेला ग्लेब झेग्लोव हा पोलीस अधिकारी. झेग्लोव झाला होता व्लादिमीर विसोत्स्की. त्याची गाणी सरकारी तबकड्यांवर क्वचितच निघत, पण टेपवरून टेपवर उतरत घराघरांत पोचलेली होती. या मालिकेत एक प्रसंग आहे. पाकीटमार हाताशी आला आहे, पण पुरावा नाही. झेग्लोव सरळ चोरीचं पाकीट त्याच्या खिशात घालतो आणि त्याला पकडतो. त्याचा तरुण सहकारी शारापोव चिडतो. कायदा असा वाकवायचा नसतो, तो म्हणतो. झेग्लोवचं म्हणणं, चोर आत गेला पाहिजे, तो कसा गेला याच्याशी लोकांना देणंघेणं नाही. लेखकांची सहानुभूती शारापोवकडे होती. प्रेक्षकांनी प्रेम केलं ते झेग्लोववर. चकमकफेम अधिकाऱ्यांना हार घालणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नसावी.

म्हणजे १९८० पर्यंत गुन्हा समुद्रातून निघून शहराच्या बोळात आला होता. कचेरीत यायचा अजून बाकी होता. तो आला कापसावर बसून.

उझबेकिस्तान हा सोव्हिएत संघाचा कापसाचा मळा. मॉस्कोने उद्दिष्ट ठरवायचं, ताश्कंदने ते पुरं केल्याचं कळवायचं, असा रिवाज. उद्दिष्टं फुगत गेली आणि जमीन काही फुगेना. तेव्हा नसलेला कापूस कागदावर पिकू लागला. जिनिंग कारखान्यात न पोचलेल्या गाड्यांची नोंद व्हायची, त्याचे पैसे निघायचे आणि ते खालपासून वरपर्यंत वाटले जायचे. १९८३ पासून चौकशा सुरू झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तिथले बलाढ्य पक्षप्रमुख शराफ रशीदोव वारले. पुढे अटका झाल्या, आणि डिसेंबर १९८८ मध्ये सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचे जावई, एकेकाळचे गृहखात्याचे पहिले उपमंत्री युरी चुरबानोव यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. नमनगान भागातल्या एका शेती-संकुलाच्या प्रमुखावर तर स्वतःचा खासगी तुरुंग चालवल्याचे आरोप सोव्हिएत वृत्तपत्रांतूनच छापून आले. शेतीच्या एका पिकाभोवती उभी राहिलेली सत्ता, तिचा एक धनी, त्याच्या शब्दावर चालणारे पोलीस, आणि सभेत सर्वानुमते वर होणारे हात. मी हे वाचलं तेव्हा मला उझबेकिस्तान फार दूर वाटलं नाही.

याच हवेत १९८७ मध्ये मोसफिल्मने अलेक्सांद्र प्रोश्किन यांचा ‘१९५३ चा थंड उन्हाळा’ केला. पुढच्या वर्षी तो सहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. आज मला बोलायचं आहे ते मुख्यतः याच चित्रपटाबद्दल आणि ‘सामना’बद्दल.

स्टालिन मार्च १९५३ मध्ये मेला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला गृहमंत्री बेरियाच्या पुढाकाराने मोठी माफी जाहीर झाली आणि सुमारे १२ लाख कैदी सुटले. पाच वर्षांपर्यंतची शिक्षा झालेले सुटले, म्हणजे भुरटे चोर सुटले, आणि त्यांच्या गर्दीत सराईतही सुटले. लांब मुदतीचे राजकीय कैदी, ज्यांनी बहुधा काहीच केलेलं नव्हतं, ते आत राहिले. चित्रपट उत्तरेकडच्या एका कोळीवाड्यात घडतो. दहा-वीस घरं, एक धक्का, एक व्यापारी ठाणं, एक पोलीस. तिथे दोन हद्दपार माणसं राहतात. लुझ्गा हा युद्धातला टेहळणी पथकाचा कॅप्टन. शत्रूच्या वेढ्यात सापडला म्हणून देशद्रोही ठरलेला. दुसरा कोपालिच, म्हातारा इंजिनियर, त्याच्यावर इंग्रजांचा हेर असल्याचा ठपका. गाव त्यांना हिशेबात धरत नाही. मग माफीत सुटलेले सहा दरोडेखोर गावात शिरतात. पोलीस मारला जातो. अधिकारी शेपूट घालतात. कालपर्यंत या दोघांना दरडावणारे पुढारलेले लोक मुकाट दरोडेखोरांच्या पुढ्यात बसतात. आणि ज्याला राज्याने गुन्हेगार ठरवलं तो लुझ्गा बंदूक मिळवून एकेकाला टिपतो.

कोपालिचचं काम अनातोली पापानोव यांनी केलं. रशियन मुलांना ते कार्टूनमधल्या लांडग्याच्या आवाजामुळे ठाऊक, मोठ्यांना विनोदी नट म्हणून. स्वतः युद्धात जखमी झालेले. ऑगस्ट १९८७ मध्ये, चित्रपट पडद्यावर यायच्या आत, हृदयविकाराने गेले. या भूमिकेतला त्यांचा आवाजसुद्धा दुसऱ्या नटाला द्यावा लागला. हसवणाऱ्या माणसाचा चेहरा इथे मिटलेला, थकलेला आहे. फक्त घरच्यांना एकदा सांगायचं आहे की मी काही केलं नव्हतं, एवढीच त्याची इच्छा. तो मरतो. लुझ्गा जिंकतो, पण त्याच्यावर जीव जडलेली गावातली तरुण पोर शेवटच्या दरोडेखोराच्या हातून जाते. दोन वर्षांनी लुझ्गा मॉस्कोत कोपालिचच्या घरी जातो. त्या घरातला बिचकलेपणा, अपराधाची कणकण, हे सगळं बंदुकीच्या मारामारीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

हा चित्रपट मला आवडतो, पण त्यातली एक सोय मला खुपते. दरोडेखोर बाहेरून येतात. गावातला अन्याय, म्हणजे कोपालिचला इथे आणून टाकणारी ती सगळी कागदपत्रं, सह्या, चहाड्या, त्यांचा माणूस पडद्यावर येत नाही. ज्याला गोळी घालता येईल असे सहा जण हाताशी दिले की प्रेक्षकाचा राग तिकडे वळतो. सह्या करणारे सुटतात. प्रोश्किनना हे कळत नव्हतं असं नाही, मॉस्कोतला तो शेवटचा भाग त्यासाठीच आहे. पण सहा कोटी लोक गेले ते शेवटच्या भागासाठी गेले नसणार.

आता आपल्याकडे या.

नीरा डावा कालवा १८७६-७८ च्या दुष्काळातून जन्मला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्याने पुरंदरपासून इंदापूरपर्यंत एक रेघ ओढली. रेघेच्या खाली बागायत, वर जिरायत. सुप्याच्या, मोरगावच्या बाजूला अजूनही उन्हाळ्यात टँकर आणि इकडे माळेगावला, सणसरला, भवानीनगरला उसाचे फड, ही ओळख तुम्हाला मी करून द्यायला नको. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबला खासगी कारखाना काढला, त्याचं वालचंदनगर झालं. पुढे १९५०च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखान्याची मोळी टाकली आणि तो वारा भीमा-नीरेच्या खोऱ्यातही आला. माळेगाव, छत्रपती, सोमेश्वर. मागून इंदापूरचे. या कारखान्यांनी शाळा दिल्या, रस्ते दिले, कुणब्याच्या पोराला बँकेच्या दारात उभं राहायची हिंमत दिली. हे मी मनापासून म्हणतो. ज्याला सहकारात फक्त खलनायक दिसतात त्याने जिरायत पाहिलेली नाही.

पण एक गोष्ट झाली. पाणी, ऊस, कर्ज, नोकरी, शाळेचा प्रवेश, दवाखाना, मयताला गाडी, सगळं एकाच फाटकातून मिळू लागलं. ज्या फाटकातून सगळं मिळतं त्या फाटकासमोर माणूस प्रश्न विचारत नाही. काट्यावर वजन कमी भरलं तरी नाही. ऊस वेळेवर तुटला नाही, फड वाळला, तरी नाही. सर्वसाधारण सभेत अहवालाची पानं उलटली जातात, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ होतं, आणि विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ राहते: आयत्या वेळी येणारे विषय. तोपर्यंत निम्मी सभा जेवणाच्या मांडवात गेलेली असते.

‘सामना’ त्या ओळीत घडतो.

हा चित्रपट ज्यांनी केला ती मंडळी बघा. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. जन्म पंढरपूरचा, वाढले सोलापुरात, शिकले पुण्याच्या बी. जे. मेडिकलला, आणि दवाखाना चालवत होते दौंडला, म्हणजे बारामतीच्या रेल्वेगाडीचा फाटा फुटतो तिथे. निर्माते रामदास फुटाणे, चित्रकलेचे शिक्षक. लेखक विजय तेंडुलकर. संगीत भास्कर चंदावरकर. तो दारुडा म्हातारा, म्हणजे मास्तर, झाले डॉ. श्रीराम लागू, नाक-कान-घशाचे सर्जन. नाहीसा झालेला मारुती कांबळे झाले डॉ. मोहन आगाशे, मनोविकारतज्ज्ञ. आणि या सगळ्या डॉक्टरांच्या समोर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणून उभे होते निळू फुले, जे पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून राबलेले आणि राष्ट्र सेवा दलात घडलेले. आयुष्यभर समाजवादी राहिलेल्या या माणसाने पडद्यावर पाटील इतका चोख उभा केला की गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्ष पाहून घाबरायच्या, असं ते स्वतःच हसत सांगत.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. दारूच्या नशेत भरकटलेला एक म्हातारा हिंदुरावाच्या गावात येऊन पडतो. एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक, आता फक्त पडका माणूस. हिंदुरावाला तो गमतीदार वाटतो. तो त्याला वाड्यात ठेवतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य फिरवून दाखवतो. मास्तर ऋणात बुडतो. आणि मग त्याच्या कानावर मारुती कांबळेचं नाव येतं. सैन्यातून परत आलेला, लोकांना काही सांगू पाहणारा, आणि एके दिवशी नाहीसा झालेला. कुणी बोलत नाही. मास्तर विचारतो. पुन्हा विचारतो. वाड्यात विचारतो, बाजारात विचारतो. त्याच्या हातात बंदूक नाही, कागद नाही, पुरावा नाही, धड शुद्धही नाही. हळूहळू तो प्रश्न एकट्या मास्तरचा राहत नाही.

आता लुझ्गा आणि मास्तर शेजारी उभे करा. दोघंही समाजाने टाकून दिलेले. दोघांनाही गावात हक्काची जागा नाही. दोन्ही गावांत पोलीस असून नसल्यासारखा. इथपर्यंत दोघं भाऊ आहेत. पुढे वाटा फुटतात. लुझ्गाचा शत्रू बाहेरून आला आहे, त्याला टिपला की गाव मोकळं. मास्तरचा शत्रू त्याला रोज जेवायला वाढतो. लुझ्गाच्या एका गोळीला एक माणूस पडतो. मास्तरच्या प्रश्नाने कुणी पडत नाही, उलट हिंदुराव पहिल्यांदा हसतो, मग चिडतो, मग त्याची झोप जाते. मारधाडीचं मोजमाप लावलं तर ‘सामना’त काहीच घडत नाही. पण मला विचाराल तर आपल्याकडच्या पडद्यावरचं सर्वांत धाडसी कृत्य तेच आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरात बसून त्याला विचारायचं की त्या माणसाचं काय झालं.

‘सामना’चे दोष आहेत, ते झाकू नयेत. गाणी-लावणीच्या वेळी मध्येच तमाशापटाची सवय डोकावते. मारुती कांबळे आपल्याला इतरांच्या आठवणींतून भेटतो, त्याच्या घराचा उंबरठा कॅमेरा नीट ओलांडत नाही. आणि निळूभाऊंचा हिंदुराव इतका लोभस आहे की काही गावांत लोक त्याच्या बाजूने शिट्ट्या मारत असतील तर मला नवल वाटणार नाही. शिवाय एक मजेशीर गोष्ट. ‘सामना’ कोणत्या कारखान्यावर बेतला, असं तुम्ही कुठल्याही तालुक्यात विचारा. उत्तर येतं, शेजारच्या तालुक्यातल्या.

शेवटी कायदा हिंदुरावापर्यंत पोचतो, पण विजयाचा ढोल वाजत नाही. मास्तर जिंकल्यासारखा दिसत नाही. तेंडुलकरांना हे माहीत होतं की हिंदुराव गेला म्हणून वाडा रिकामा राहत नाही.

बर्लिनच्या आणि आणीबाणीच्या त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७५ ला, ‘शोले’ लागला. गाव, दरोडेखोर, बाहेरून आणलेले दोन सुटलेले कैदी. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते चाललं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे आणीबाणीत कसं दाखवायचं? शेवट पुन्हा चित्रित झाला, पोलीस वेळेवर आले. चार वर्षांनी ‘शोले’ सोव्हिएत संघात लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. तिथेही पोलीस वेळेवर यायलाच हवे होते, हे ओघानेच आलं.

तेंडुलकर मात्र ‘सामना’पाशी थांबले नाहीत. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ केला, पटकथा तेंडुलकरांची. तिथे प्रश्न विचारणारा म्हातारा नाही. पोलीस उपनिरीक्षक अनंत वेलणकर आहे, ज्याचा बापही पोलिसातलाच. रामा शेट्टी या गुंडापुढे कायदा चालत नाही हे पाहत पाहत तो शेवटी त्याचा गळा आवळतो आणि स्वतःला हवाली करतो. ओम पुरींना त्यासाठी १९८४ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारीला सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. तो महोत्सव तेव्हा मॉस्कोच्या महोत्सवाशी आलटूनपालटून, वर्षाआड भरायचा. समाजवादी देशातल्या परीक्षकांना मुंबईच्या एका फौजदाराची घुसमट ओळखीची वाटली, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मी ‘अर्धसत्य’ला मोठा चित्रपट मानतो, तरीही त्यात लेखकाची वाट थकलेली दिसते. आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्याचा विश्वास प्रश्नावर होता, त्याच्याकडे आता दोन हात उरले आहेत.

आणि सोव्हिएत संघात? तिथे प्रश्न विचारणारे पडद्यावर उशिरा आले, प्रत्यक्षात ते आधीपासून रांगेत उभे होते. स्टालिनच्या राज्यात, १९३७-३८ मध्ये, उचलून नेलेल्या माणसाचे नातेवाईक चौकशीला गेले की त्यांना सांगत, दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा होता की माणसाला केव्हाच गोळी घातली आहे. बायका वर्षानुवर्षं पार्सलं घेऊन तुरुंगाच्या खिडकीशी जात राहिल्या. ‘थंड उन्हाळा’ चित्रपटगृहांत चालू होता त्याच दिवसांत काही लोक मॉस्कोत एकत्र येऊन नाहीशा झालेल्या माणसांची नावं गोळा करू लागले. १९८९ मध्ये ‘मेमोरियल’ ही संस्था रीतसर उभी राहिली. तीस वर्षं तिचं मुख्य काम हेच होतं: नाव, गाव, अटकेची तारीख, पुढे काय झालं. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करायचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं. पडद्यावरच्या लुझ्गाला सरकारने राज्य पुरस्कार दिला होता. नावं विचारणाऱ्यांना टाळं मिळालं. म्हणून मी म्हणतो की बंदुकीचा नायक कुठल्याही राज्याला परवडतो. प्रश्नाचा नायक परवडत नाही.

आता इथल्या तरुणांशी थोडं बोलतो. तुमच्यातले कितीतरी जण मोबाइलवर लघुपट करतात, काही पुण्याला शिकतात. तुमचे गुन्हेगारीपट मी पाहतो. त्यात गॉगल असतो, काळी स्कॉर्पिओ असते, मागून ढोल असतो, आणि चालताना कॅमेरा पायांपासून वर जातो. ते ‘विसाव्या शतकातले चाचे’ आहेत, फक्त समुद्र नाही. करा, हौस म्हणून करा. पण दिवाळीनंतर बीडकडून, नगरकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर येतात, कारखान्यांच्या कडेला कोप्या पडतात, तिथे एकदा कॅमेरा बंद ठेवून जाऊन बसा. मुकादमाची उचल कशी फिटते, आजारी पडलं तर खाडा कसा कापतात, हे ऐका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, म्हणून शस्त्रक्रिया करून घेतल्याचं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. यात बंदूक कुणी चालवली नाही. सही आहे, बिल आहे, उचल आहे, डॉक्टर आहे, मुकादम आहे, आणि त्यांच्या कोयत्याने तुटलेल्या उसाची पहिली उचल वेळेवर घेणारे आपण सभासद आहोत. माझ्या पाहण्यात यावरचा गुन्हेगारीपट अजून आलेला नाही. ज्यांना तो करायचा असेल त्यांनी आधी ‘सामना’ आणि मग ‘थंड उन्हाळा’ याच क्रमाने पाहावेत, म्हणजे कथेत बाहेरचे सहा दरोडेखोर घालायचा मोह होणार नाही.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी व्याख्यान ठेवू नका. बारामतीला एक आणि इंदापूरला एक असे हे दोन चित्रपट मोफत दाखवा, आणि सर्वसाधारण सभांच्या आधी, ऑगस्टमध्येच दाखवा.